यंदा गूळ कोण देणार

कळमनुरी
८ जून २०२५

प्रिय संगिता,

पाकिटावरचं माझं अक्षर पाहूनच तुझ्या कपाळाला आठी पडली असेल. माझा फोन तू घेत नाहीस, निरोपाला उत्तर देत नाहीस, म्हणून पोस्टात गेले. तिथल्या बाईंनी विचारलं, रजिस्टर करायचं का. म्हटलं करा. आता पोचलं नाही असं तुला म्हणता येणार नाही.

'तोरण युवा नाट्य मंडळा'ची अध्यक्ष म्हणून लिहिते आहे आणि तुझी मैत्रीण म्हणूनही. अध्यक्षाचं वाचायचं नसेल तर मैत्रिणीचं वाच. मार्चमध्ये विष्णुपंतकाकांनी एका ओळीचा राजीनामा दिला. बावीस वर्षं चालवलेलं मंडळ सोडून ते जवळा बाजारला लेकीकडे राहायला गेले. मग सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. पंचायत समितीत मी आवक-जावक सांभाळते, तेव्हा मला काहीही सांभाळता येईल असा लोकांचा समज आहे.

मंडळात जानेवारीला एक्केचाळीस मुलं होती. आज नऊ आहेत. ज्या शाळेच्या सभागृहात आपण तालमी करायचो, तिथले मुख्याध्यापक म्हणाले की दिवाळीपर्यंत मुलं परत आली नाहीत तर खोली रिकामी करा. ते काही वाईट बोलले नाहीत. आपल्या शाळेचं नाव त्या व्हिडिओत दिसतं, एवढंच त्यांचं दुखणं आहे.

वार्षिक नाटकाच्या दिवशी तुझ्या भाचीच्या बाबतीत जो प्रकार झाला त्याबद्दल आम्हा सर्वांना मनापासून खेद आहे. ऐश्वर्या मंडळात परत आली तर बाकीचे पालकही मुलांना पाठवतील. तू तिच्याशी आणि ग्यानोबाकाकांशी बोलशील का?

तुझी,
अपर्णा


छत्रपती संभाजीनगर
१९ जून २०२५

अपर्णा,

जय भीम. पत्र सही करून घेतलं. वरती जावक क्रमांक टाकायचा राहिला बघ.

फोन घेणार नाही. जानेवारीत तू मला फोनवर तीन वेळा सांगितलंस की गैरसमज झाला, आणि ते मला कुणाला दाखवता आलं नाही. आता जे सांगायचं ते कागदावर सांग.

'प्रकार' म्हणजे काय गं? आमच्या वॉर्डात पेशंट येतो आणि म्हणतो, थोडा त्रास होतोय. मग आम्ही विचारतो, कुठे, कधीपासून, किती. तू लिहीत नाहीस तर मी लिहिते.

१९ जानेवारी, रविवार. सभागृहात चारशे माणसं. नाटकाची नायिका ऐश्वर्या, वय सोळा, दोन महिने तालीम केलेली. तोरणची रीत तुला-मला तोंडपाठ आहे. नाटक संपलं की नायिका त्याच वेशात खाली उतरते आणि पहिल्या रांगेतल्या वडीलधाऱ्यांच्या हातावर गूळ-खोबरं ठेवते. पडदा उघडायच्या आधी मायकावरून सांगितलं गेलं की ऐश्वर्याला ताप आला आहे, तिची भूमिका जान्हवी करेल. माझे आबा, म्हणजे तुझे ग्यानोबाकाका, सातव्या रांगेत होते. दादा-वहिनी कामासाठी पुण्याला, त्यामुळे तिला त्यांनीच गावाहून आणलं होतं. ताप हा शब्द ऐकला आणि सत्तर वर्षांचा माणूस चपला खुर्चीखाली सोडून रंगमंचामागे पळाला. पोरगी तिथे लुगडं नेसून, गजरा माळून बसलेली. अंगाला हात लावला तर गार. तिला एवढंच सांगितलं होतं, तू जरा थांब.

आबांनी तिचा हात धरला आणि मधल्या वाटेने, सगळ्यांच्या देखत, तिला तशीच बाहेर नेली. कुणीतरी ते मोबाइलवर घेतलं. पुढचं जिल्ह्याने पाहिलं.

बौद्ध घरातल्या मुलीच्या हातचा गूळ पहिल्या रांगेला चालणार नाही, म्हणून तिला बसवली. हे लिहायला तुझ्या पेनात शाई नव्हती का? आबा पोलिसांत गेले नाहीत ते माफ केलं म्हणून नाही. लेकराला ठाण्यात बसवायचं नव्हतं त्यांना.

मायकावर आवाज तुझा होता. व्हिडिओत स्पष्ट ऐकू येतो. मला एकच सांग, हे ठरवलं कुणी?

संगिता


कळमनुरी
२९ जून २०२५

प्रिय संगिता,

तुझं लिहिणं बरोबर आहे. शब्दाला शब्द बरोबर आहे. मी 'प्रकार' लिहिलं कारण दुसरं लिहायला घेतलं की हात थांबत होता.

निर्णय मंडळाचा होता. काकांनी त्याची जबाबदारी घेतली आणि ते गेले. झालेलं कुणाला पुसता येत नाही, पण पुढे काय करतो आहोत ते तुला कळावं म्हणून लिहिते. पालकांची समिती केली आहे. प्रत्येक तालमीला दोन पालक हजर असतात. दाराशी तक्रारपेटी लावली. महिनाभरात तिच्यात एक चिठ्ठी निघाली: पंखा आवाज करतो. पंखा दुरुस्त केला.

रोज ऑफिस सुटलं की मी एक-दोन घरी जाते. कुणी तोंडावर नाही म्हणत नाही. 'बघू', 'पोराची परीक्षा आहे', 'त्याच्या मामाला विचारतो'. तुमच्या वस्तीतल्या भागूबाईंच्या दोन्ही नाती मंडळात होत्या. त्यांनी बसायला सतरंजी टाकली, चहा दिला, माझ्या आईची तब्येत विचारली. उठताना म्हणाल्या, "तुमी लई चांगल्या हाव ताई, पण आमी लेकरं न्हाई पाठवणार." चहा मात्र खरंच चांगला होता.

आम्ही एक कार्यक्रम ठरवतो आहोत. लोकांसमोर झालेली गोष्ट लोकांसमोरच दुरुस्त व्हावी, असं समितीत सगळ्यांचं म्हणणं पडलं. तपशील ठरला की कळवते. तुलाही आवडेल असं वाटतं.

तुझी,
अपर्णा


छत्रपती संभाजीनगर
११ जुलै २०२५

अपर्णा,

तुझ्या आधी तुझी पत्रिकाच आली. तीही गावच्या ग्रुपवर, आणि ती आबांना शेजारच्या पोराने दाखवली.

'कु. ऐश्वर्या हिचा शाल, श्रीफळ व सन्मानचिन्ह देऊन जाहीर सत्कार.' वर तीन पाहुण्यांचे फोटो. खाली ऐश्वर्याचा, त्याच लुगड्यातला, त्याच गजऱ्यातला. तो फोटो तुमच्याकडे आला कुठून? तालमीतला असेल. छापायच्या आधी तिला विचारलंत? आबांना? मला?

आपल्या लोकांचं कौतुक वाटतं. माणूस निवृत्त झाला की शाल, निवडून आला की शाल, पोरगं दहावीला पास झालं की शाल. आता पोरीचा अपमान केला त्याचीही शाल? तिने त्या रंगमंचावर उभं राहायचं, तुम्ही टाळ्या वाजवायच्या, तिने नारळ घेऊन हसायचं, आणि फोटोत सगळं मिटलं? सत्कार तिचा नाही, तुमचा आहे. ती फक्त नारळ धरायला हवी आहे तुम्हाला.

ती दोन दिवस कॉलेजला गेली नाही. मुली विचारतात, काय जिंकलीस?

कार्यक्रम रद्द कर. आणि 'निर्णय मंडळाचा होता' असं पुन्हा लिहिलंस तर पत्र न फोडता परत पाठवीन. मंडळाला तोंड नसतं, मायक धरायला हात नसतो. मी विचारलं होतं, ठरवलं कुणी.

संगिता


कळमनुरी
१७ जुलै २०२५

संगिता,

कार्यक्रम रद्द केला. पाहुण्यांना मीच फोन केले. पत्रिकेची कल्पनाही माझीच होती, समितीची नाही. तुझं पत्र वाचेपर्यंत मला खरोखर वाटत होतं की मी काहीतरी मोठं करते आहे. माझी मलाच लाज वाटली.

तू विचारलंस ते आता लिहिते.

त्या दिवशी नाटकाला वीस मिनिटं होती. मी पहिल्या रांगेत पाणी ठेवत होते. ताराबाई बसल्या होत्या, ज्यांच्या यजमानांनी आपल्याला मखमली पडदा दिला होता त्या. त्यांनी मला विचारलं, "यंदा गूळ कोण देणार?" मी म्हटलं, ऐश्वर्या. त्या म्हणाल्या, "म्हणजे ग्यानोबाची नात का?" मी हो म्हटलं. त्या "बरं" म्हणाल्या आणि त्यांनी पाण्याचा ग्लास उचलला.

एवढंच झालं. त्या पुढे एक अक्षर बोलल्या नाहीत. कपाळाला आठी नाही, तोंड वाकडं नाही. काकांना काही माहीत नव्हतं, ते दाराशी पाहुण्यांना घेत होते. मंडळातल्या कुणालाही मी विचारलं नाही. मी पाण्याचा जग घेऊन मागे गेले आणि जाईपर्यंत माझ्या डोक्यात सगळं ठरलं होतं. उद्या ताराबाईंनी हातच पुढे केला नाही तर काय? चारशे लोकांसमोर पोरीची शोभा होईल, पहिली रांग उठून जाईल, मंडळाचं नाव जाईल. त्यापेक्षा कुणाच्या लक्षात यायच्या आत बदलून टाकावं. जान्हवीला सगळी वाक्यं पाठ होती. ऐश्वर्याला म्हटलं तू जरा थांब, आणि मायक हातात घेतला. ताप हा शब्द मला तिथेच सुचला.

तिला वाचवते आहे असं मला वाटत होतं. बौद्ध मुलीच्या हातचं लोक घेणार नाहीत, हे कुणी मला सांगितलं नव्हतं. ते माझ्याच आत होतं. मी स्वतःला फार सुधारलेली समजत होते, तुझ्या घरी जेवलेली, तुझ्या ताटातली भाकरी घेतलेली.

दुसऱ्या दिवशी काकांनी सगळ्यांसमोर म्हटलं की अध्यक्ष मी आहे, जबाबदारी माझी. लोकांनी त्यांनाच धरलं. मी गप्प राहिले. आधी वाटलं दोन दिवसांनी सांगू. मग तू फेसबुकवर त्यांचं नाव घेऊन लिहिलंस, आणि मग सांगणं आणखी अवघड झालं. त्यांच्या जागेवर बसून मी चार महिने लोकांच्या घरी चहा पीत फिरते आहे.

अपर्णा


छत्रपती संभाजीनगर
३ ऑगस्ट २०२५

अपर्णा,

तुझं पत्र आलं तेव्हा ड्यूटीवर निघाले होते. बसमध्ये वाचलं, जेवणाच्या सुट्टीत वाचलं. तुझा राग येतो आहे आणि तो जाणार नाही एवढ्यात. पण 'खेद आहे' वाचून जी चीड आली होती ती यावेळी आली नाही. या पत्रात निदान माणूस आहे.

दोन गोष्टींनी झोप गेली. एक, विष्णुपंतकाका. मी त्यांना जातीयवादी म्हातारा लिहिलं होतं. नऊशे लोकांनी ते पुढे पाठवलं. तू ते वाचलंस, आणि मला थांबवलं नाहीस. त्यांना मी स्वतंत्र पत्र लिहिते, ते माझं मी बघेन.

दुसरी जुनी. आपण अकरावीत असताना गाणं माझं चांगलं होतं, हे तूही म्हणायचीस. नायिका तू झालीस आणि मी पडदा ओढला. मला सांगितलं होतं की तुझा आवाज मागपर्यंत पोचत नाही. सतरा वर्षं मी तेच खरं मानलं. आता कळत नाही काय मानू.

मागच्या रविवारी गावी गेले होते. तुझं पत्र ऐश्वर्याच्या हातात दिलं. ते तिच्याबद्दल आहे, ते मी माझ्याकडे का ठेवू? तिने पडवीत बसून वाचलं, घडी घातली आणि दप्तरात ठेवलं. आबांना मी वाचून दाखवलं. ते म्हणाले, "ह्ये तुला काहून लिव्हलं? मायकावरून सांगितलं व्हतं ना?"

माझंही तेच म्हणणं. खोटं चारशे जणांनी ऐकलं. खरं आम्हा तिघांना सांगून भागणार नाही. शाल नको, पाहुणे नकोत, ऐश्वर्याचं तिथे काही काम नाही. तू उभी राहा आणि मला लिहिलंस तसंच सांग. मुलं येतील की नाही हा हिशेब त्यात धरू नकोस. उरलेली नऊही जातील कदाचित.

संगिता


कळमनुरी
२४ ऑगस्ट २०२५

प्रिय संगिता,

१७ तारखेला, रविवारी, सभा झाली. सगळ्या जुन्या पालकांना चिठ्ठ्या पाठवल्या होत्या. सत्तरेक माणसं आली.

सभेच्या आधी मी जवळा बाजारला जाऊन काकांना भेटले. वाटलं होतं ते रागावतील. ते ओट्यावर शेंगा निवडत बसले होते. मला म्हणाले की तुझं काम आहे हे मला त्याच दिवशी कळलं होतं. मग गप्प का बसलात, म्हटलं. त्यावर त्यांनी वही आणली. बावीस वर्षांच्या नायिकांची नावं त्यांनी राजीनाम्यानंतर आठवून लिहून काढली होती. त्यात एकही मुलगी तुमच्या वस्तीतली नव्हती. ऐश्वर्या पहिली. "मला कुणी सांगितलं नव्हतं, मी कुणाला सांगितलं नव्हतं, तरी बावीस वर्षं तसंच झालं," ते म्हणाले. "मग मी कुणाकडे बोट दाखवू?" तुझं पत्र त्यांना मिळालं आहे. त्यांनी ते मला दाखवलं नाही, पण चष्म्याच्या डबीत ठेवलं आहे. तुझ्या आवाजाबद्दल मी विचारलं. शेंगा निवडता निवडताच ते म्हणाले, आवाज पोचत होता.

सभेत मी उभी राहिले आणि तुला लिहिलं तसंच सांगितलं. ताराबाई समोर होत्या. त्यांना मी आधी घरी जाऊन कल्पना दिली होती, तरी त्या पांढऱ्या पडल्या. नंतर उठून म्हणाल्या की मला साखरेचा आजार आहे, पोरीला आधी सांगून ठेवावं की माझ्या हातावर खडा लहान ठेव, म्हणून विचारलं होतं. हे खरं असेल किंवा आता सुचलं असेल. मला माहीत नाही. त्या दिवशी मी विचारलं नव्हतं एवढं मला माहीत आहे.

ग्यानोबाकाका आले होते. येतील असं वाटलं नव्हतं. कुणी त्यांना पुढे बसायला सांगितलं तर ते दाराशीच उभे राहिले. म्हणाले, "तुमी मायकावरून सांगितलं लेकरू बिमार हाय. तेवढ्या चार पावलांत माझं काय काय झालं ते तुमाला म्हाईत न्हाई. तेवढं ध्येनात ठेवा, मंग बाकीचं करा." आणि ते बसले. मला तिथे रडू आलं. रडून लोकांची दया घ्यायची नाही असं ठरवून गेले होते, तरी आलं.

मी अध्यक्षपद सोडलं. दोघे पालक म्हणाले की हिला मंडळातूनच काढा, आणि त्यांचं चूक नव्हतं. शेवटी ठरलं की मी वर्षभर पद घ्यायचं नाही, भूमिका वाटायच्या नाहीत, मायकाला हात लावायचा नाही. पडदा ओढणं आणि झाडलोट माझ्याकडे. भागूबाई समितीवर आल्या आहेत. भूमिकांची यादी कारणांसकट फळ्यावर लागेल, आणि कुणाची भूमिका बदलायची झाली तर ते दुसऱ्या कुणी जाहीर करायचं नाही, त्या मुलाने किंवा मुलीने स्वतः उभं राहून सांगायचं.

गुळावरून वाद झाला. एकजण म्हणाला, ही रीतच बंद करू, पुन्हा झंझट नको. भागूबाई म्हणाल्या, "बंद काहून? आमच्या पोरींची पाळी आली तवाच बंद?" रीत राहिली. पहिल्या रांगेतल्या खुर्च्यांवर नावाच्या चिठ्ठ्या मात्र आता लागणार नाहीत. जो आधी येईल तो बसेल.

नऊची चौदा मुलं झाली, आणि दोन घरांनी आपली मुलं काढून घेतली, म्हणजे बारा. मुख्याध्यापकांनी दिवाळीचं मार्चवर नेलं. जान्हवी परत आली. ती म्हणाली, मला त्या दिवशी कुणी विचारलं असतं तर मी नाही म्हटलं असतं. तिलाही मी विचारलं नव्हतंच.

तुझी,
अपर्णा


९ सप्टेंबर २०२५

अपर्णाताई,

जय भीम. आत्याने पत्ता दिला.

तुम्ही सभेत सांगितलं ते आबांनी घरी येऊन सांगितलं. पत्र मी आधी वाचलं होतं. बऱ्याच वेळा वाचलं. तुम्ही त्यात सगळं लिहिलं आहे, पाण्याचा ग्लाससुद्धा. पण मला जे पाहिजे होतं ते त्यात नाही.

तुम्ही मला 'तू जरा थांब' म्हणालात तेव्हा मला वाटलं की मी काम वाईट करते म्हणून काढलं. आदल्या दिवशीच्या तालमीत मी दोनदा चुकले होते. आबा मला घेऊन बाहेर आले तेव्हा सगळे जातीचं बोलायला लागले, आत्या बोलली, पेपरात आलं. मी कुणाला काही बोलले नाही. मला वाटायचं की आपल्यासाठी सगळे भांडून राहिले, आणि खरं तर मलाच काम जमत नव्हतं. मी सहा महिने तेच समजत होते. आमच्या बारावीच्या गॅदरिंगला मॅडमनी नाव विचारलं तर मी दिलं नाही.

तुम्ही दोन महिने रोज माझी तालीम बघितली. त्या बाई काय बोलल्या ते मला नको. माझं काम कसं होतं ते लिहा. सत्कारात बोलतात तसं लिहू नका.

ऐश्वर्या


कळमनुरी
१४ सप्टेंबर २०२५

प्रिय ऐश्वर्या,

तुझं पत्र मी ऑफिसात दोनदा वाचलं. तू असं काही समजत असशील हे माझ्या मनातसुद्धा आलं नव्हतं. मी माझ्या चुकीबद्दल पानंच्या पानं लिहिली आणि तुझ्या कामाबद्दल एक ओळ लिहिली नाही.

तुझं काम चांगलं होतं. कसं ते सांगते.

काकांनी लिहिलेलं ते नाटक, कयाधू नदीवर नाव चालवणारी बाई. रंगमंचावर नाव नव्हती, चार फळ्या होत्या. पहिल्या पंधरा दिवसांत सगळ्या मुली त्या फळ्यांवर चालायच्या. तू पाय ठेवायच्या आधी थांबायचीस, मग वजन टाकायचीस, आणि बघणाऱ्याला नाव कलल्यासारखी वाटायची. हे तुला कुणी शिकवलं नव्हतं. काकांनी माझ्या कानात विचारलं होतं, ही नदीकाठची का? दुसऱ्या प्रवेशात बाळंतपणाला अडलेली बाई नावेत येते तेव्हा तू तिच्याकडे बघायची नाहीस, पाण्याकडे बघायचीस. ते बरोबर होतं. नावाड्याचं लक्ष पाण्यावरच असतं.

आता वाईट. तुझे हात रिकामे असले की तू पदर चाळवतेस. दुसऱ्याची वाक्यं चालू असताना तुझे ओठ हलतात, तिसऱ्या रांगेपर्यंत दिसतं. आणि तिसऱ्या प्रवेशात सरदाराला नावेत घ्यायला तू नकार देतेस ते मोठं भाषण तू फार घाईत म्हणायचीस. शेवटचे शब्द ऐकूच यायचे नाहीत. आदल्या दिवशी दोनदा चुकलीस तीही जागा तीच. मी त्यावर खूण करून ठेवली होती, नाटकानंतर सांगू म्हणून.

जान्हवी पाठांतराला तुझ्यापेक्षा पक्की आहे. नायिका म्हणून तू तिच्यापेक्षा बरी होतीस. मी तुला काढलं त्याचा तुझ्या कामाशी काडीचाही संबंध नव्हता.

तू परत ये असं मी लिहिणार नाही. ते मागायचा अधिकार माझ्याकडे राहिलेला नाही.

अपर्णाताई


२० सप्टेंबर २०२५

अपर्णाताई,

जय भीम.

ओठांचं आणि पदराचं कबूल. पण तिसऱ्या प्रवेशात घाई माझी नव्हती, काकांनी ते वाक्य साडेचार ओळींचं लिहिलं आहे आणि मध्ये श्वास घ्यायला जागाच नाही. वल्हं मारणारी बाई एका दमात एवढं कसं बोलेल? ते तीन ठिकाणी तोडून, मध्ये एकेकदा वल्हं मारून म्हटलं की शेवटपर्यंत जातं. मी घरी आबांसमोर म्हणून बघितलं, त्यांना अंगणाच्या त्या टोकापर्यंत ऐकू आलं.

लिहून कळणार नाही. शनिवारी तालमीला येते, दाखवते.

ऐश्वर्या